घासलेल्या ड्रमचं माप

चिखलदऱ्याच्या घाटात कुटुंबाला गाडीनं न्यायचं होतं, म्हणून जुन्या ब्रेक-ड्रमचं आतलं माप मी तीनदा घेऊन कागदावर लिहिलं आणि सदर बाजारातल्या एका स्पेअर पार्टवाल्याला दाखवलं. माझ्या कागदावरच तंबाखू मळत तो म्हणाला, "माप बराबर आहे साहेब, पण ड्रम घासून किती मोठा झाला, ते काहून नाही लिहिलं? या मापाचा नवा घेसान तं घाटात दाबलेला ब्रेक पायथ्याले लागन."

मग त्यानं दुकानासमोर उभ्या माझ्या गाडीला दुसऱ्या कंपनीचा स्वस्त ड्रम चढवला, हातानं फिरवला, कान लावला आणि उतरवून ठेवला.

"बसला तर होता," मी म्हणालो.

"बसला जी. पण एका बाजूनं घासून राहिला."

"घाटात तुम्ही कोणता लावाल?"

"मी तं एसटीनं जातो."

आम्हीही एसटीनंच गेलो. घाटात ड्रायव्हरनं ब्रेक दाबला की मी कान लावत होतो.