दिराच्या घरात

परभणीत एका काचेच्या खोलीत मी गावोगावची कुटुंबं संगणकात भरायचं काम करत होते. चपला बाहेर काढूनच आत जायचं. यंत्राला धूळ चालत नसे. यंत्रात माणसांचा एक तक्ता, घरांचा दुसरा. प्रत्येक माणूस एकाच घराला जोडायचा, आणि घराला प्रमुखही एकच. बाई प्रमुख व्हायची ती विधवा असेल तरच. नवरा जिवंत पण बेपत्ता असेल, तर तिला दिराच्या घराला जोडायचं. हा नियम आमच्या सरांनी लिहिला होता. मी विद्यापीठाच्या नामांतराची पत्रकं वाचत मोठी झालेली. तो नियम पाहिला की माझं डोकं तापायचं.

एकदा चुडाव्याहून आमच्या वस्तीतली मावशी पॅसेंजरने आली. नामांतराच्या दंगलीत वस्ती जाळली तेव्हा तिचा नवरा पळाला, तो परत आलाच नाही. दिराने तिला घराबाहेर काढलं. ती खोपटात एकटी राहायची. आता नवी रेशनकार्डं आमच्या यंत्रातून निघाली आणि तिचं धान्य दिराच्या कार्डावर गेलं.

"सर, नियमाची एक ओळ बदलली की झालं," मी म्हणाले.

"पत्रकबाई, इथं सभा नाही. उद्या रुसलेली प्रत्येक बाई वेगळं घर मागेल."

"मागू द्या की. रुसलेलीला भूक लागत नाही का?"

सर मावशीकडे वळले. "नवरा मेला म्हणून सांगा. आत्ता वेगळं घर करून देतो."

माझं बोट कळफलकावर होतं. "करू का, मावशी?"

"वस्ती जाळणाऱ्यांच्या हाताला तो घावला न्हाई, बाई," ती म्हणाली. "आन् आता गव्हापायी म्या मारू व्हय त्याला?"

ती बाहेर गेली, चपला घातल्या आणि स्टेशनकडे चालू लागली.

सर जेवायला गेल्यावर मी ती ओळ बदलली. त्यांना कळलंच. त्यांनी नियम होता तसा केला आणि मला कामावरून काढलं.

विद्यापीठाचं नाव बदललं तेव्हा आम्ही चुडाव्याच्या फलाटावर पेढे वाटत होतो. तिथे मावशी भेटली. लय वाळली होती. पेढा तिने घरी न्यायला पदराला बांधला.

"नाव बदललं म्हणं."

"हो, मावशी."

"आन् माहं? दिराच्याच घरात हाय का आजून?"

"हाय," मी म्हणाले.

तिने गाठ सोडली आणि उभ्या उभ्याच पेढा खाल्ला.