दारावरचा लाल गोल

आमचं ऑफिस चिंचवडला आणि काम परदेशातल्या लढाईचं! तिथल्या लोकांनी मोबाइलवर काढलेल्या क्लिप बघायच्या, गाडी कुठली, जागा कुठली ते शोधायचं आणि खटला लढवणाऱ्या तिकडच्या वकीलबाईंना कळवायचं. इथले किस्से घरी सांगवत नाहीत, म्हणून साठतच जातात.

*

येळवंडे काकांनी चाकणच्या एका कंपनीत अठरा वर्षं गाड्यांची दारं तपासली. गाडी लांबून ओळखतात, म्हणून आमच्यात आले. एका क्लिपमध्ये सैनिक गावातल्या पोरांना ट्रकमध्ये कोंबत होते. आम्ही पोरांचे चेहरे बघत होतो, आणि काका म्हणाले, "दार रिजेक्ट!"

मी चिडलो. काका शांतच. "फट बघा राव. वर बोटभर हाय, खाली न्हाईच. दार दुसऱ्या गाडीचं बसवलंय."

*

तेच दार दुसऱ्या एका क्लिपमध्ये सापडलं! त्या ट्रकमधून उतरणाऱ्या अधिकाऱ्याचा चेहरा स्पष्ट दिसत होता. पोरं त्यानं नेली, याचा पुरावा एवढाच. वकीलबाई म्हणाल्या, "पहिली क्लिप जिवापाड जपा."

*

दुसऱ्या दिवशी ती क्लिप इंटरनेटवरून गायब! आमच्याकडे कॉपी होती. उघडली, तर दारावर लाल गोल! कंपनीत खोट सापडली की मार्करनं गोल करायचा, ही काकांची सवय. त्यांनी गोल केला आणि त्याच फाइलवर सेव्हही केला होता.

वकीलबाईंचा आवाज चढला. "आता समोरचे म्हणणार, पुराव्यात फेरफार केला!"

काका खाली मान घालून म्हणाले, "कंपनीत गोल न्हाई केला तर बोलणी खायचो."

*

क्लिप काढणारी बाई सापडली. ट्रकमधल्या एका पोराची आई! मूळ क्लिप तिच्या फोनमध्ये होती. पण फोन द्यायचा म्हणजे साक्षीला उभं राहायचं, आणि गावात अजून तेच सैनिक. आठ दिवस ती हो म्हणेना. आठ दिवस काकांनी डबा उघडला नाही. मला त्यांचा रागही यायचा आणि कीवही.

*

नवव्या दिवशी ती तयार झाली. तिची मूळ क्लिप आणि आमची कॉपी जुळवायला वकीलबाईंनी आम्हालाही व्हिडिओ कॉलवर घेतलं. त्या आईचा चेहरा झाकलेला. आमची कॉपी स्क्रीनवर लावली. ती पुढं वाकून बघायला लागली, मग दुभाष्याला काहीतरी म्हणाली. त्यानं ते इंग्रजीत सांगितलं, आणि काकांना मराठीत सांगायची पाळी माझ्यावर आली.

"काका, ती विचारतेय, गोल दारावर का केलाय? माझा मुलगा तर मागं बसलाय."