अळी खाते ती ज्वारी

त्या साली ज्वारी पेरली आणि पाऊस जो गेला तो गेलाच. वरकुट्यातली आमची सामाईक जमीन थोरला भाऊ पाहतो. मी जळोचीत राहतो, नोकरी करतो आणि जमेल तेव्हा शेतावर जातो.

उगवण चांगली झाली होती. रोपं वीतभर झाली आणि त्यांचे पोंगे, म्हणजे मधलं गुंडाळलेलं कोवळं पान, सुकू लागले. ओढला की पोंगा अलगद हातात यायचा, बुडाला कुजका वास. खोडमाशी पानाखाली अंडं घालते आणि अळी आत उतरून कोंब तोडते. मी चार ठिकाणी दहा-दहा रोपं तपासली. निम्म्याहून जास्त गेली होती.

"मोजल्यावर जगत्यात व्हय?" भाऊ म्हणाला.

जगली, पण वेगळ्या तऱ्हेनं. मधला कोंब मेला की ज्वारी बुडातून फुटवे काढते. सगळं शिवार वाळलेलं आणि आमचंच रान तेवढं हिरवंगार. धान्याची आशा नव्हती. चारा म्हणावा तर अडचण तिथंच होती. मार खाल्लेल्या, पाण्याचा ताण पडलेल्या ज्वारीचा असा कोवळा फुटवा विषारी असतो. त्याला आमच्याकडं किराळ म्हणतात. जनावर तो खाऊन पडलं की 'किराळ लागलं' म्हणायचं. हे भावालाही ठाऊक होतं, मलाही.

गोठ्यात एकच गाय होती, गाभण, वहिनीनं कालवडीपासून वाढवलेली. कडबा संपत आला होता. साखर कारखाने सुरू व्हायला अवकाश होता, त्यामुळे उसाचं वाढं, म्हणजे तोडलेल्या उसाचे हिरवे शेंडे, मिळत नव्हतं. सांगवीत एका ओळखीच्या माणसाच्या पाटाकडेच्या रानात हत्तीगवत होतं. कामावरून सुटलं की सांगवी, तिथून गवत घेऊन वरकुटे, मग परत जळोची, असं माझं सुरू झालं. मोटारसायकलच्या मागं पेंढी बांधली की गाडी वळणावर एका अंगाला ओढायची. पाठ भरून यायची. गाईला लागणारा चारा आणि माझी पेंढी यांचं गणित मी वाटेत मांडायचो. ते रोज कमीच भरायचं. गाईच्या बरगड्या दिसू लागल्या होत्या.

एका संध्याकाळी भावानं मला रानात नेलं. एक फुटवा उपटला, उभा चिरला आणि तळहातावर पांढुरकी अळी काढून दाखवली.

"ही बघ. जलमल्यापासनं हेच खाती. मेली का? चांगली गुबगुबीत झालीया."

"दादा, ती अळी आहे."

"मग? एवढीशी अळी पचिवती आन आमची एवढी मोठी गाय पचवंना व्हय? इख आसतं तर आदी हीच मेली आसती."

"फुलोऱ्यावर येऊ दे, मग विष उतरतं. तोवर मी गवत आणतो."

"आणतोस की. गाय हाय, ससा न्हाय. तुझी पेंढी तिच्या दाढंलाबी पुरंना."

त्याचं म्हणणं चूक आहे एवढं कळत होतं, का चूक आहे ते सांगता येत नव्हतं. मी थकलो होतो. परत एकदा "घालू नकोस" म्हणालो आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी सांगवीत पेंढी बांधत होतो तेव्हा वहिनीचा फोन आला.

"भाऊजी, गाय पडलीया. तुमच्या भावानं किराळ घातलं. लवकर या."

मी पोचलो तेव्हा जनावरांचे डॉक्टर गाईच्या मानेच्या शिरेत इंजेक्शन देत होते. गाय आडवी होती, तोंडाला फेस, पोट धपापत होतं. वहिनी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. भाऊ गव्हाणीतला उरलेला फुटवा बाहेर काढत होता. फार उरला नव्हता. डॉक्टरांनी हात धुतले आणि म्हणाले, "आता वाट बघायची."

भाऊ त्यांच्याशी बोलला, पण नजर गाईवरच होती. "अळी कशी मरत न्हाय मग?"

"तिचं सगळं खानदान ज्वारीवरच वाढलंय. तिनं जमवून घेतलंय. गाईला कुठं जमायचं?" ते म्हणाले. "आणि उभ्या पानात हे विष तयार नसतं. पान चावलं, चेंगरलं की तयार होतं. गाय तर घासच्या घास चावते."

ज्वारीनं ते विष किड्यांना मारायला राखलं असेल. ही माशी त्यातून निभावली आणि सापडली ती गाय.

तासाभरानं गाईनं पुढचे पाय रोवले. वहिनी म्हणाली, "उठ गं बाई, उठ." ती उठली, घसरली, पुन्हा उठली. भाऊ बाजूला जाऊन उपरण्यानं तोंड पुसत राहिला. वहिनी त्याला म्हणाली, "बसा आता अळ्या चिरत."

पुढं कारखाने सुरू झाले, वाढं मिळू लागलं आणि माझ्या फेऱ्या थांबल्या. गाय व्याली. वासरू हडकुळं होतं, दोन दिवस वहिनीनं आधार देऊन पाजलं, मग स्वतःच्या पायावर उभं राहिलं.

ज्वारी फुलोऱ्यावर आल्यावर भावानं कापली. डॉक्टरांनी आता चालेल म्हणून सांगितलं, तरी तो ओली घालायला तयार नव्हता. रानातच पसरून, उलटून-पालटून त्यानं ती कडकडीत वाळवली. पहिली पेंढी घातली तेव्हा मी तिथंच होतो. गाय चवीनं खात होती आणि आम्ही तिघं तिच्या पोटाकडं बघत उभे होतो, सगळी पेंढी संपेपर्यंत.

कापलेल्या बुडातून आता परत फुटवा आलाय. पाण्याला नेताना गाय नेमकी त्याच बाजूला ओढ घेते. भाऊ दाव्याचा एक वेढा मनगटाला जास्त देतो.