समोरच्या भिंतीवरचं स्वित्झर्लंड

घर विकायला काढलं तेव्हा मी पासष्टीची होते, म्हणजे अगदीच कोवळी. आता नात मला मोबाईल कसा धरायचा ते शिकवते आणि मी तिची गंमत पाहायला मुद्दाम उलटा धरते. पण त्या वेळी मला वाटायचं की जगातलं सगळं आपल्याला कळतं. अशा बाईच्या हाती घर सजवायचं काम कधी देऊ नये.

भिलाईत नेहरू नगरला आमचं घर होतं, हायवेपासून दोन गल्ल्या आत. मिस्टरांची सारी नोकरी स्टील प्लँटमध्ये, भट्टीजवळ गेली. तोवर आम्ही प्लँटच्या वसाहतीत, सेक्टरातल्या क्वार्टरमध्ये राहिलो आणि रिटायर झाल्यावर हे घर बांधलं. वर गच्ची, पुढे लोखंडी गेट, हॉलमध्ये समोरची मोठी भिंत. त्या भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर, तिच्या खाली छोट्या टेबलावर बुद्धमूर्ती. विदर्भातून इकडे आलेल्या आमच्या लोकांच्या घरात शिरलं की आधी हेच दिसतं. सोफा नंतर.

मग मिस्टर विसरायला लागले. आधी चष्मा, मग शेजाऱ्याचं नाव, मग आपण रिटायर झालो हेच. पहाटे उठून डबा मागायचे.

"फर्स्ट शिफ्ट आहे माझी. उशीर होऊन राहिला."

एकदा डब्याची वाट न बघताच निघाले आणि हायवेच्या कडेला उभे सापडले. दूधवाल्यानं हात धरून आणून सोडलं. तिथून रात्रंदिवस ट्रक धावतात आणि ते कोणाच्या शिफ्टसाठी थांबत नाहीत. त्या दिवसापासून मी गेटला कुलूप लावून किल्ली पदराला बांधायला लागले.

मुलगी नागपूरला. तिचा रोज फोन.

"आई, पुरे झालं आता. तिथं तुमी दोघंच. एखाद्या दिवशी बाबा..." पुढचं वाक्य ती गिळायची. तिच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्याचा एक फ्लॅट रिकामा होत होता. मालक थोडे दिवस थांबायला तयार होता, पण इथलं घर विकल्याशिवाय फ्लॅट आमच्या हाती लागणार नव्हता. म्हणून घाई. घर लवकर विकलं तर मिस्टर हायवेपासून सुटणार होते, बाकी काही नाही.

घर कसं दाखवायचं हे मुलीनं कुठंतरी वाचलं होतं. "घेणाऱ्याले वाटलं पायजे का हे माझंच घर होय. आपलं सामान कमी कर, आपले फोटो काढून टाक, उजेड वाढव."

मी लगेच कामाला लागले. अंगात काय संचारलं होतं कोणास ठाऊक. हॉलमधली मिस्टरांची दुपारची बाज गच्चीवर गेली. नोकरीच्या पहिल्या वर्षापासूनची पत्र्याची पेटी पलंगाखाली. सुपेल्याच्या बाजारातून मी लिंबू रंगाच्या उशा आणल्या, प्लॅस्टिकची फुलं आणली, सोफ्याला असं कव्हर आणलं की त्यावर बसायची मलाच भीती वाटावी. घरात सुकट शिजायची बंद झाली. कोणी बघायला येणार असलं की मी वेलची घालून दूध उकळत ठेवायची. ते दूध कोणी प्यायचं नाही, नुसता वास. स्वतःवर इतकी खूश होते की आरशासमोर उभी राहून "या, बसा" म्हणायचा सराव करायची. खोटं सांगत नाही.

मग दलाल आला. सभ्य पोरगा, मला आंटीजी म्हणायचा. त्यानं सगळं घर पाहिलं, उशांची तारीफ केली आणि समोरच्या भिंतीपाशी येऊन जरा खाकरला.

"आंटीजी, बाकी सब बढ़िया है. बस ये दीवार थोड़ी खाली कर दो. पार्टी को अपना घर सोचने में आसानी होती है."

मी विचारलं, "आणि गणपतीचं कॅलेंडर असतं तर?"

तो हसला. "वो तो चलेगा, आंटीजी."

म्हणजे मला कळलं. कळलं नाही असं नव्हतं. पण मुलगी म्हणाली होतीच ना, आपले फोटो काढा म्हणून? मी एकाचं बोलणं दुसऱ्याच्या बोलण्यात मिसळलं आणि गिळून टाकलं. दलाल दाराशी पोहोचला तेव्हा त्याला आणखी एक आठवलं. "और गेट का ताला. ताला देखकर पार्टी सोचती है, एरिया ठीक नहीं."

त्याच संध्याकाळी तसबीर आणि मूर्ती स्वच्छ चादरीत गुंडाळून मी कपाटात वरच्या खणात ठेवली. टेबल स्वयंपाकघरात नेलं. भिंतीवर सुपेल्याहूनच आणलेलं चित्र लावलं. बर्फाचे डोंगर, निळं तळं, एक लाकडी घर. दुकानदार म्हणाला होता, स्वित्झर्लंड आहे. भिलाईच्या उन्हाळ्यात त्या बर्फाकडे बघून मला अगदी गार वाटलं, इतकी मी शहाणी.

आता मिस्टरांची सकाळ सांगते. उठले की ते सरळ त्या भिंतीसमोर येऊन उभे राहायचे, हात जोडायचे, मनातल्या मनात त्रिसरण म्हणायचे. मग टेबलाच्या कडेला बोटं टेकवायची आणि डावीकडे वळायचं. डावीकडे बेसिन. तोंड धुऊन झालं की स्वयंपाकघर, तिथं चहा, तिथं मी. शेजारी विसरले, नातेवाईक विसरले, पण ही वाट कधी चुकली नव्हती. मी ती रोज बघत होते. ती वाट आहे हे मात्र मला दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते हॉलमध्ये आले आणि बर्फासमोर उभे राहिले. हात अर्धे वर आले आणि तिथंच थांबले. बोटं टेबल शोधायला गेली, टेबल नव्हतं. मी चहाचा कप घेऊन दारात उभी.

"बाई," ते मला म्हणाले, "हे कोणाचं घर होय?"

ते पहिल्यापासून थट्टेखोर. मला वाटलं, गंमत करून राहिले. मी म्हटलं, "स्वित्झर्लंडचं."

ते हसले. पण पाहुणा हसतो तसे, समोरच्याचा मान राखायला. मी कप पुढे केला. मग ते सोफ्याच्या अगदी कडेला बसले, चपला नीट जोडून बाजूला ठेवल्या आणि म्हणाले, "चहा राहू द्या. कशाले त्रास घेता तुमी?"

तुमी. लग्न झाल्यापासून त्यांनी मला तुमी म्हटलं नव्हतं. भांडणातसुद्धा नाही.

मी मुलीला फोन लावला. ती म्हणाली, "आई, दोन दिवस कळ काढ. पार्टी पक्की होऊन राहिली म्हणते ना तो दलाल? मग इकडंच येणार आहात." मलाही ते पटलं. दोन दिवस कळ काढायची. ज्याच्यासाठी चाललं होतं त्यालाच आपल्या घरात पाहुणा करून, कळ काढायची.

पार्टी आली. नवरा-बायको, तिशी-पस्तिशीचे, जवळच्याच उतई गावाकडचे. बाई हसरी, माणूस कमी बोलणारा. वेलचीचा वास दारापर्यंत पोहोचला होता. मिस्टर उठून उभे राहिले आणि मोठ्या अदबीनं म्हणाले, "आइए, बैठिए. हम भी अभी आए हैं. घरवाले आते ही होंगे."

दलाल जोरात हसला. "अंकलजी बड़े मज़ाकिया हैं!"

मीही हसले. काय हसले! ती प्लॅस्टिकची फुलंसुद्धा इतकी खोटी नसतील.

बाईनं विचारलं, "कितने साल से हैं अंकलजी यहाँ?"

"नहीं जी, हमारा क्वार्टर तो सेक्टर में है. अब निकलेंगे थोड़ी देर में."

मी घाईनं म्हटलं, चला, गच्ची दाखवते. गच्चीवर वारा होता. बाईनं चारी बाजूंनी फिरून पाहिलं, पूर्वेकडे तोंड करून उभी राहिली, नवऱ्याला म्हणाली, "वास्तु भी एकदम सही है." उद्या घरच्या मोठ्यांना घेऊन येतो, असंही दोघं म्हणाले. दलालानं माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. माझी सजावट जिंकली होती. मी कठड्याला टेकून खाली बघितलं, आपलं गेट एकदा डोळे भरून बघावं म्हणून.

मिस्टर गेटमधून बाहेर पडत होते. गेट त्यांनी मागे वळून नीट लोटलं, कडी घातली, ती लागली का ते हलवून पाहिलं. दुसऱ्याच्या घरून निघताना माणूस घालतो तशी. आणि हायवेच्या दिशेला चालू लागले.

किल्ली माझ्या पदराला होती. कुलूप दलालाच्या सांगण्यावरून टेबलाच्या खणात.

जिना मी कसा उतरले ते आठवत नाही. तो कमी बोलणारा माणूस मला मागं टाकून पुढे धावला. दलाल फोन कानाला लावूनच पळत होता. मी गल्लीच्या तोंडाशी पोहोचले तेव्हा मिस्टर रस्त्याच्या अगदी कडेला होते, एक पाय खाली डांबरावर. समोरून सळ्या भरलेला ट्रक येत होता, त्याच्या मागे दुसरा.

"अंकल! अंकलजी!" तो माणूस ओरडला. हायवेवर किती तरी अंकल असतात. त्यांनी मान वळवली नाही.

"अजी!" मी ओरडले. "अजी, थांबा ना!" जन्मभर याच हाकेवर ते वळले होते. पण ती बायकोची हाक, आणि त्यांच्या हिशोबानं बायको सेक्टरात क्वार्टरवर होती.

दुसरा पाय उचलला गेला. तेव्हा माझ्या पोटातून जे आलं ते मी ठरवून आणलं नव्हतं. सगळा दम गोळा करून मी ओरडले, "जय भीम!"

ते थांबले. उचललेला पाय मागे घेतला, पूर्ण वळले, हात जोडले.

"जय भीम, ताई, जय भीम," म्हणाले आणि माझ्याकडे चालत आले. कोणी जय भीम घातला की थांबायचं, हात जोडायचे, दोन शब्द विचारायचे, हे त्यांच्या अंगात कुठं होतं कोण जाणे, विसरण्याच्याही खाली. "घरी सगळे बरे आहेत ना?" त्यांनी मला विचारलं. त्यांच्या पाठीमागून दोन्ही ट्रक गेले.

त्या माणसानं त्यांचा दंड घट्ट धरला आणि घरापर्यंत सोडला नाही. दलाल जमिनीकडे बघत चालत होता. मी चादरीत गुंडाळून ठेवलेलं सगळं हायवेवर उभं राहून ओरडले होते. दूध उतू जाऊन घरभर जळका वास सुटला होता. नवरा-बायको बसले नाहीत. "अंकलजी का ध्यान रखिए," एवढं म्हणून गेले.

ते लोक गेल्या गेल्या मी स्वित्झर्लंड उतरवलं. स्टुलावर चढून तसबीर लावली, टेबल आणलं, मूर्ती ठेवली. बाज एकटीनं गच्चीवरून ओढत खाली आणली. मिस्टर सोफ्याच्या कडेला बसून माझ्याकडे संकोचानं बघत होते. मग उठले, भिंतीसमोर आले, हात जोडले, बोटं टेबलाला टेकवली, डावीकडे वळले. नळाचा आवाज आला. तोंड पुसत ते स्वयंपाकघराच्या दाराशी आले.

"तू कावून रडून राहिली? चहा ठेव ना."

दुसऱ्या दिवशी कोणी मोठी माणसं आली नाहीत. दलालाचा फोन आला, "पार्टी को वास्तु नहीं जमा." गच्चीवर जमलेलं वास्तुशास्त्र खाली उतरताना कुठं बिघडलं ते मी विचारलं नाही. असेलही दुसरं काही. एखाद्याला असं दुखणं पाहिलेलं घर नको वाटू शकतं. माणूस चांगला होता, माझ्या आधी धावला होता. पण चांगली माणसंही पुन्हा फोन करत नाहीत.

तळमजल्याचा तो फ्लॅट हातचा गेला. मुलगी चिडली, मग रडली. "आई, अशानं घर विकणार कसं?"

"जेव्हा विकल तेव्हा विकल. कुलूप लावलं मी परत."

त्यानंतर कितीतरी महिने मी किल्ली पदराला बांधून, कडीच्या आवाजाकडे कान ठेवून काढले. दुपारी डोळा लागला तरी दचकून उठायची. बघायला लोक यायचे, भिंत बघायचे, काहींचा आवाज बदलायचा, काहींचा नाही. शेवटी ज्यानं घेतलं त्यानं भिंतीकडे पाहिलंच नाही. सगळे नळ उघडून पाहिले, पाण्याचा जोर पाहिला, गाडी आत मावते का ते मोजलं आणि हो म्हणाला. मला त्याचाही राग आला. इतकं रामायण झालं त्या भिंतीवरून, आणि हा नळ बघतो!

नागपूरला मुलीच्या बिल्डिंगपासून दुसऱ्या गल्लीत घर मिळालं. गॅस लावायच्या आधी मी जावयाला खिळा ठोकायला लावला. तसबीर लागली, टेबल आलं. सकाळी मिस्टर उठून आले, हात जोडले, बोटं टेकवली, डावीकडे वळले आणि कपाटावर आपटले. बेसिन तिथं उजवीकडे होतं.

जावई म्हणाला, "आई, बेसिन काही हलवता येत नाही."

"मग खिळा हलवा," मी म्हटलं.

त्यानं विरुद्ध बाजूच्या भिंतीवर नवा खिळा ठोकला. तिथून डावीकडे वळलं की बरोबर नळ. आल्या-गेल्यांना त्यामुळे तसबीर लगेच दिसत नव्हती, दारातून शिरून मागे वळून बघावी लागायची. नातेवाईक नावं ठेवायचे. ठेवू दिली. मिस्टर रोज चहापर्यंत पोहोचत होते.

काही सकाळी तरीही कप हातात घेऊन ते इकडं तिकडं बघायचे आणि हळूच विचारायचे, "बाई, हे कोणाचं घर होय?"

मी पुन्हा कधी स्वित्झर्लंड म्हटलं नाही. "आपल्याच लोकाइचं आहे," म्हणायची. "बसा आरामात." मग ते मागे टेकून बसायचे.