माणूस नसलेली होडी

बातमी आली तेव्हा शेवंती परब हिंदमाताजवळच्या साड्यांच्या दुकानात साडीला फॉल लावत होती. तिची सून, पूर्वी, दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आई, धनेशचं जहाज बुडालं." शेवंतीने दाताने दोरा तोडला, साडीची घडी घातली आणि मगच उठली.

धनेश तिचा एकुलता एक. नवरा गेल्यावर लालबागच्या चाळीत तिने एकटीने त्याला वाढवलं होतं. तो मालवाहू जहाजावर इंजिनाचं काम बघायचा. दूरच्या समुद्रात दोन देशांचं जुंपलं होतं. त्यातल्या एकाने सोडलेली, स्फोटकं भरलेली, माणूस नसलेली होडी धनेशच्या जहाजावर आदळली. ती होडी आपलं लक्ष्य आपणच शोधायची. सोडणारे म्हणाले, यंत्र चुकलं. यंत्र विकणारा तिसराच देश म्हणाला, वापरणाऱ्यांनी नीट वापरलं नाही. धनेश सापडला नाही.

पुढे फोर्टातल्या एका कचेरीत दोघींना बोलावलं. पडद्यावर होडी सोडणाऱ्या देशाचा अधिकारी होता. तो बोलला की एका बाईचा गोड आवाज तेच मराठीत सांगायचा.

"हा आवाजपण मशीनचाच आहे," पूर्वी कुजबुजली.

"आपल्या सुपुत्राच्या निधनाबद्दल आमच्या शासनाला तीव्र खेद आहे," आवाज म्हणाला.

शेवंतीने आपल्या मालवणीत विचारलं, "माझ्या झिलाक मारल्यान कोणी?"

"क्षमस्व. आपला प्रश्न समजला नाही."

शेवंतीने शब्द जुळवले. "माझ्या मुलाला कोणी मारलं?"

अधिकारी काहीतरी बोलला. "तो निर्णय कोणत्याही व्यक्तीने घेतला नव्हता," आवाज म्हणाला, तितकाच गोड.

"कोणीच नाही?" पूर्वी ओरडली. शेवंतीने तिचा हात धरला. तिला राग यायला हवा होता, आला नाही. खोलीतल्या एसीचा गारवा तेवढा जाणवत होता.

देह नव्हता, म्हणून भटजींनी दर्भाचा पुतळा करायला लावला. तो जळताना बायका रडल्या. शेवंती नुसती बघत राहिली.

काही महिन्यांनी त्या दोन देशांनी समेट केला. अशा होड्यांसाठी नियम करायचं ठरलं, सगळ्यांनी हात मिळवले. दुकानातल्या टीव्हीवर ते दिसलं तेव्हा मालकाने घाईघाईने रिमोट उचलला.

"असू दे, शेठ," शेवंती म्हणाली. हसऱ्या चेहऱ्यांकडे तिने जरा वेळ पाहिलं आणि समोरच्या गिऱ्हाइकाला विचारलं, "फॉल कुठल्या रंगाचा लावू, ताई?"