इक्बालभाई नाचला तो ठेका

इक्बालभाई वाजवताना हलायचा नाय. स्टेजवर आमी घामाघूम उड्या मारायचो आणि हा बेस गिटार गळ्यात घालून बँकेच्या लाइनीत असल्यासारखा उभा. एकदा विचारलं, तर म्हणाला, "मियां, कपबश्यांच्या दुकानात वाढलोय. जरा हललो की अब्बा ओरडायचे."

बँड आमचा फंक रॉक. म्हणजे काय ते मला विचारू नका, मी फक्त ड्रम बडवायचो. मी पनवेलजवळच्या नेऱ्याचा, लग्नाच्या हळदीत बँजो पार्टीत वाजवणारा. भाईनं मला तिथूनच उचलला. शिकवणी एकच: "जागा सोड, मियां. सगळं तूच भरलंस तर नाचणारा पाय ठेवील कुठं?" मी मान हलवायचो आणि परत भरायचो.

मग भाईचं मस्कतला मामाच्या दुकानात जायचं ठरलं. त्याच्याशिवाय बँड कसला? जाण्याआधी शेवटचा अल्बम करू म्हणून नवीन पनवेलला स्टुडिओ भाड्यानं घेतला. बाकीची गाणी रडतखडत झाली. राहिलं ते भाईनं स्वतः बांधलेलं, संथ चालीचं. आणि दुसऱ्या दिवशी त्याचं विमान.

हळदीत नाचणारे पेटले की वाजवणाऱ्यानं ठेका पळवायचाच. माझ्या हातांना तेवढंच ठाऊक. हेडफोनात लयीची टिकटिक लावलेली, मी दर वेळी तिच्या पुढं.

रेकॉर्डिंगवाला म्हणाला, "दादा, तुमचं गाणं संपलं. टिकटिक अजून चालूय."

मी काठ्या खाली ठेवल्या. "भाई, मशीनचा ड्रम लाव. माझ्यापायी तुझं गाणं राहील."

"मशीनच लावायची होती तर तुला हळदीतनं कशाला आणला असता?"

त्यानं माझा हेडफोन काढून स्वतःच्या कानावर चढवला, चपला काढल्या, पँट दुमडली आणि ड्रमसमोर आमच्या हळदीतला नाच सुरू केला. हळूहळू, टिकटिकीवर.

"पायाकडं बघ माझ्या. पळवलंस तर पडेन, मग लंगडत जाईन मस्कतला."

काय घाण नाचत होता! पण माझे हात त्याच्या पायांमागून गुमान चालले. मी जागा सोडत गेलो, तो पाय ठेवत गेला. गाणं पुरं झालं तसा भाई दमून जमिनीवर धप्पकन बसला. तो आवाजही रेकॉर्ड झाला.

रेकॉर्डिंगवाला म्हणाला, "एवढं कापून टाकतो."

"राहू दे," भाई धापा टाकत म्हणाला. "तिकडं दुकानात ऐकेन तेव्हा कळायला पाहिजे, मी इथं होतो."

अख्ख्या अल्बमात टिकटिकीवर नेमका पडलेला ठोका म्हणजे तो धप्प तेवढाच. आणि तोपण माझा नाय.