लाल जाळीच्या सायकली

वर्ध्यातली ती सायकलची केस मी अजून विसरलेलो नाही, आणि विसरायची इच्छाही नाही. दिवस पन्नासच्या दशकातले. मी तेव्हा तिथे ठाणेदार होतो.

त्या वर्षी गावच्या रस्त्यांवरून सायकलींची शर्यत झाली. स्टेशनापासून निघून बाजारातून वळसा घालून परत स्टेशन. सारं ठाणं बंदोबस्ताला आणि सारं गाव रस्त्याच्या कडेला. त्या गडबडीत दवाखान्यातल्या नर्सबाईंची सायकल चोरीला गेली. याच सायकलीवरून त्या खेड्यापाड्यांत बाळंतपणं करायला जात. फिर्याद डॉक्टरांनी दिली आणि संशय दवाखान्याच्या चपराश्यावर घेतला, कारण सायकल सांभाळायचं काम त्याचं. त्याच्या घराण्यातली ती पहिलीच सरकारी नोकरी, तीही नवी. केस उभी राहिली असती तर नोकरी गेलीच होती.

मी त्याला उलटसुलट विचारलं. तो एकच सांगत राहिला, "साहेब, बाईची पेटी घेऊन मी त्या सायकलीमांगं चिखलातून धावलो. मी काऊन चोरीन तिले?"

खोटं बोलणारा माणूस न विचारलेलं फार सांगतो. हा सांगत नव्हता. आमचे जमादार म्हणाले, "साहेब, माह्या हवाली करा, आत्ता कबूल होते." मी साफ नाही म्हटलं. पण नुसता माझा विश्वास कोर्टात चालणार नव्हता. पुरावा हवा होता.

दोनेक आठवड्यांनी आमचा नेहमीचा खबऱ्या, एक पानवाला, ठाण्यात आला. त्याला खबर द्यायची नव्हती, गंमत सांगायची होती. "साहेब, चौकातल्या हाटेलच्या भिंतीवर शर्यतीचं चित्र काढलं. गडी मिशावाले अन् सायकली बायांच्या! सारं गाव हासून राह्यलं."

मी जाऊन पाहिलं. भिंतभर शर्यतीचा रस्ता वळणं घेत गेलेला, त्यावर दंड फुगवलेले गडी, आणि प्रत्येकाच्या मागच्या चाकाला लाल दोऱ्याची जाळी. साडी अडकू नये म्हणून नर्सबाईंनी स्वतः विणलेली अशीच जाळी फिर्यादीत नोंदलेली होती. माझं हसू जागच्या जागी थांबलं.

पेंटरला बाजूला घेतलं. लग्नघरांच्या भिंती रंगवणारा भोळा माणूस तो.

"मले हत्ती-घोडे येते, साहेब, सायकल नाई येत," तो म्हणाला. "हाटेलच्या मांगच्या खोलीत एक उभी होती. तिच्याकडं पाहू पाहू साऱ्या काढल्या."

ती खोली मालकाच्या साळ्याची. झडतीत सायकल निघाली, जाळीसकट. पंचनामा झाला, साळा कबूल झाला आणि चपराशी सुटला.

शाबासकी मला मिळाली, पण मी आजही त्या पेंटरचा ऋणी आहे. त्याला सायकल काढता आली असती तर एका निरपराध माणसाचं घर बसलं असतं. गाव ज्याला हसतं ते एकदा स्वतः जाऊन पाहावं, हे मी पुढे नोकरीभर पाळलं.

माझी बदली झाली तेव्हा चपराशी कागदात गुंडाळलेलं एक चित्र घेऊन घरी आला. त्याच पेंटरकडून काढून आणलेलं. तीच शर्यत, तीच वळणं, आणि सगळ्यांच्या पुढे खाकी वर्दीतला मी, लाल जाळीच्या लेडीज सायकलवर.

"साहेब, तुमाले पयला नंबर देला," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. माझेही भरले, सांगायला लाज कशाची?

ते चित्र माझ्या बैठकीच्या भिंतीवर आहे. पाहुणे पाहून हसतात. मी त्यांना पोटभर हसू देतो, आणि मग सांगतो की तो चपराशी त्याच दवाखान्यातून पेन्शनीत निघाला.